पंगतीमागील श्रम : काही शब्दांची साक्ष

समारंभांची वर्णने करणारे आपले जुने लेखक पक्वान्नांची नावे हौसेने देतात. ती कोणी रांधली, हे बहुधा सांगत नाहीत. म्हणून समूहभोजनामागील श्रमांचा इतिहास शोधू पाहणाऱ्यास शब्दांची साक्ष काढावी लागते.

‘स्वयंपाक’ या शब्दाचा मूळ अर्थ स्वतः रांधणे असा आहे. परान्न वर्ज्य मानणारा अतिथी कोरडा शिधा घेई व आपला पाक आपण करी. परंतु शेकडो पानांच्या पंगतीत हे शक्य नव्हते. तेथे परक्या हातचे अन्न ग्राह्य ठरावयाचे, तर त्या हाताच्या सोवळ्याची हमी हवी. म्हणूनच मोल घेऊन रांधणाऱ्यास मराठीने कसबावरून नाव दिले नाही. त्यास ‘आचारी’, म्हणजे आचार पाळणारा, म्हटले. दुसऱ्यांसाठी रांधणारी व्यक्तीही ‘स्वयंपाकी’ किंवा ‘स्वयंपाकीण’च राहिली.

दरबाराची दृष्टी निराळी होती. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांत मुदबखखान्याची गणना होई. अरबी ‘मत्बख’ म्हणजे पाकगृह. येथे नाव खात्याचे आहे, व्यक्तीचे नाही. पुढे लोकांच्या कानांनी त्यात ‘पाक’ ऐकला आणि ‘मुदपाकखाना’ रूढ झाला.

सोवळ्याच्या या हमीचे सामाजिक मोल १८९० साली पुण्यात दिसून आले. पंचहौद मिशनमधील चहापानावरून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदींवर ग्रामण्य उभे राहिले, आणि पुढे या दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. चहा कोणाच्या हातचा, हाच त्या वादाचा गाभा होता. ‘आचारी’ या शब्दाने काहींस चुलीजवळ मान दिला. त्याच शब्दाच्या धाकाने इतरांस तिच्यापासून दूर ठेवले.

आज रूढ असलेला ‘केटरर’ हा शब्द इंग्रजीने जुन्या फ्रेंचमधील ‘विकत घेणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून घडविला. मुळात तो अन्नसामग्री खरेदी करणाऱ्याचा वाचक होता. आचार, खाते व खरेदी असा हा नामांचा क्रम आहे. पंगतीच्या अन्नाची जबाबदारी कोणत्या आधारावर सोपविली गेली, हे त्यावरून कळते. वाटण वाटणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या व भांडी घासणाऱ्या हातांविषयी मात्र ही तिन्ही नावे मौन पाळतात. त्या हातांचा शोध घ्यावयाचा, तर बखरी बाजूस ठेवून घरोघरच्या लग्नखर्चाच्या वह्या उघडल्या पाहिजेत.