अंगचे बळ आणि अंगावरचे बळ

व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय म्हटला की श्रोत्यांच्या मनात गडकोट, तह आणि लढाया उभ्या राहतात. आज आम्हांला सांगावयाचा आहे तो मात्र एका खेळाचा इतिहास. आणि त्यातही, खरे पाहता, त्या खेळाडूंच्या अंगावरील कपड्यांचा. विषय वरवर हलका वाटेल; परंतु त्याच्या पोटात एक प्रश्न असा आहे की, त्या खेळाच्या धुरीणांना त्याचे उत्तर आजवर एकमताने देता आलेले नाही. माणसाने उचललेले वजन त्याचे किती, आणि त्याच्या सदऱ्याचे किती?

खेळाचे नाव पॉवरलिफ्टिंग. ऑलिंपिकमधील वेटलिफ्टिंगहून हा वेगळा. तेथे दांडी डोक्यावर न्यावी लागते. येथे ती डोक्यावर कधीच जात नाही. खांद्यांवर वजनाची दांडी घेऊन बैठक मारावयाची व उठावयाचे, तो स्क्वॅट. बाकावर उताणे पडून दांडी छातीपर्यंत खाली आणावयाची, क्षणभर स्थिर ठेवावयाची व हात सरळ होईतो वर रेटावयाची, ती बेंच प्रेस. आणि जमिनीवरची दांडी उचलून ताठ उभे राहावयाचे, तो डेडलिफ्ट. प्रत्येक प्रकाराला तीन संधी. तिन्ही प्रकारांतील उत्तम वजनांची बेरीज करून विजेता ठरतो. तीन पंच असतात, त्यांपैकी दोघांचा होकार मिळाला की उचल मान्य. बैठकीत मांडीचा कंबरेकडील वरचा भाग गुडघ्याच्या माथ्याखाली गेलाच पाहिजे, नाही तर सगळी मेहनत फुकट.

आता गंमत अशी की, हे तिन्ही प्रकार मुळात स्पर्धेचे नव्हतेच. ते तयारीचे व्यायाम होते. आपल्याकडे जोर-बैठका या कुस्तीसाठी. बैठकांचीच कुस्ती लागली असे कोणी ऐकले नाही. तसेच हे. जर्मनीचा हेन्री स्टाइनबोर्न पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत आला. दांडी खांद्यावर देणारी घोडी तेव्हा नसे, म्हणून तो वजनाने भरलेली दांडी एका टोकावर उभी करी, तिच्याखाली वाकून ती स्वतःच खांद्यांवर कलती करून घेई आणि मग बैठक मारी. टेनेसी राज्यातील बॉब पीपल्स हा शेतकरी. त्याची व्यायामाची साधने बहुतेक घरीच बनविलेली. १९४९ साली स्वतःचे वजन अवघे १८१ पौंड असता त्याने जमिनीवरून सुमारे ७२५ पौंड उचलले. कॅनडाचा डग हेपबर्न जन्मतः एका पायाने अधू. त्याने १९५३ साली बेंच प्रेसमध्ये ५०० पौंडांची मर्यादा प्रथम ओलांडली आणि त्याच वर्षी स्टॉकहोम येथे वेटलिफ्टिंगचे जगज्जेतेपदही मिळविले. जॉर्जियाचा पॉल अँडरसन १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक घेऊन आला. त्याच्या घरच्या बैठकांच्या दांडीला काँक्रीट भरलेली पिंपे लावलेली असत.

अशा उचलींना अमेरिकेत ‘विजोड उचली’ म्हणत, आणि त्या शब्दात थोडी हेटाळणीही होती. तेथील हौशी खेळांच्या मध्यवर्ती संस्थेने १९५८ साली त्यांचे विक्रम नोंदवावयाचे ठरविले. पेनसिल्व्हेनियातील यॉर्क गावचा बॉब हॉफमन हा वजने तयार करणारा कारखानदार आणि ऑलिंपिक उचलींचा कडवा पुरस्कर्ता. या नव्या खेळाला त्याचा विरोध होता. परंतु गिऱ्हाईक तिकडे वळू लागले तसा त्याचा विरोधही मावळला, आणि १९६४ च्या सप्टेंबरात पहिली देशव्यापी स्पर्धा त्याच्याच कंपनीच्या आश्रयाखाली यॉर्कमध्ये भरली! व्यापाऱ्याचे मतपरिवर्तन तत्त्वचर्चेपेक्षा विक्रीच्या आकड्यांनी लवकर होते, हे इतिहासात अनेकदा दिसते. १९६५ साली अधिकृत राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९७१ साली यॉर्कलाच पहिली जागतिक स्पर्धा, आणि १९७२ साली आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा १९८० साली मॅसॅच्युसेट्समधील लोवेल येथे झाली.

आता कपड्यांकडे वळू. आमच्या तालमीत नाल उचलणाऱ्याच्या अंगावर लंगोटापलीकडे काही नसे, त्यामुळे तेथे हा वाद उद्भवला नाही. तिकडे प्रारंभी कंबरेला चामडी पट्टा आणि गुडघ्यांना दुखापतीवर बांधतात तसल्या पट्ट्या, इतकेच होते. हेतू रक्षणाचा. पण ज्या पट्टीने गुडघा आवळला जातो ती पट्टी बैठकीच्या तळाशी ताणली जाते, आणि ताणलेली वस्तू परत आपल्या आकाराकडे धाव घेते. खाली बसताना साठविलेले हे बळ वर उठताना फुकट मिळते. खेळाडूंना हे कळावयास वेळ लागला नाही. कोणी अंगाला चादरी फाडून गुंडाळल्या, कोणी आखूड केलेल्या घट्ट जीन घातल्या. गुडघ्यामागे टेनिसचे चेंडू बांधून बसणाऱ्यांच्याही कथा त्या मंडळींत अजून सांगतात. नियम करणाऱ्यांनी एक दार लावावे आणि खेळाडूने खिडकी शोधावी, असा तो काळ.

१९७० नंतरच्या दशकात जॉर्ज झांगास याने बैठकीसाठी खास शिवलेला, न ताणणाऱ्या कापडाचा घट्ट पोशाख बाजारात आणला, आणि १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी जॉन इन्झर याने बेंच प्रेसचा सदरा काढला. या सदऱ्याची रचना थोडी समजून घेतली पाहिजे, कारण सगळ्या वादाचे मूळ तेथे आहे. आपल्या सदऱ्याच्या बाह्या दोन्ही बाजूंना खाली लोंबतात. याच्या बाह्या समोर रोखलेल्या शिवतात. कापड जाड व ताठ पॉलिएस्टरचे. तो घातला की हात आपोआप पुढे येतात, आणि मागे न्यावयाचे म्हटले तर छातीवरील कापड ताणावे लागते. म्हणजे दांडी छातीवर आणणे हेच मुळी कष्टाचे होते. पुरेसे वजन नसेल तर ती छातीला टेकतच नाही, मध्येच अडते. आणि एकदा टेकली की ताणलेले कापड तिला वर फेकावयास मदत करते. हा सदरा एकट्याने घालता येत नाही. दोघेतिघे मदतनीस ओढून-ताणून तो चढवितात.

याचा परिणाम आकड्यांत पाहावा. १९५३ साली हेपबर्नने ५०० पौंड रेटले. ६०० पौंडांस पॅट केसी १९६७ साली पोहोचला. १९८१ साली बिल काझमायरने साध्या बनियनवर ३०० किलो, म्हणजे ६६१ पौंड रेटले. अठ्ठावीस वर्षांत १६१ पौंडांची वाढ. माणसाच्या शरीराला शोभेल अशी ही गती. मग सदऱ्याचे युग आले, आणि २००४ च्या नोव्हेंबरात जीन रिचलॅकने हजार पौंडांची वेस ओलांडली.

यातील सदऱ्याचा वाटा किती, हे सांगणारे सर्वांत चांगले उदाहरण स्कॉट मेंडेल्सनचे. त्याने २००५ साली सदऱ्यावाचून ७१५ पौंड रेटले. तो त्या प्रकारातील जागतिक उच्चांक होता. पुढच्याच वर्षी सदरा घालून त्याने १,००८ पौंड रेटले. माणूस एक, हात तेच, मध्ये वर्षही पुरते गेलेले नाही, आणि फरक २९३ पौंडांचा. एका धिप्पाड माणसाएवढे हे वजन वर गेले, ते कापडाच्या जोरावर.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, ही तर उघड लबाडी झाली. आमचे मत तसे नाही. सदरा अंगात घातला म्हणून कोणीही हजार पौंड रेटील हे अशक्य. दांडी ज्या रेषेत खाली यावयाची ती बोटभर जरी चुकली तरी कापड दांडीला भलतीकडे ढकलते, आणि तेवढे वजन हातांत तोलून धरणे, हाडांनी व स्नायूंनी ते सोसणे, हे खेळाडूलाच करावे लागते. त्याची तयारी निराळी असते. वर्षातले काही महिने साध्या अंगाने मेहनत, आणि स्पर्धा जवळ आली की सदरा चढवून त्याच्याशी जुळवून घेणे. त्या विद्येचे जाणकार आहेत व त्यात खरी कारागिरी आहे. आमचा आक्षेप इतकाच की, विक्रम हा तुलनेसाठी असतो. १९६७ चा आकडा आणि २००४ चा आकडा एका वहीत एकाखाली एक लिहिले की ती वही खोटे बोलू लागते. शिवाय रक्षणासाठी आलेले साधन अधिक वजन अंगावर घ्यावयाचे निमित्त झाले, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही.

महासंघाने मोजमापाचा मार्ग धरला. पोशाख एकाच पदराचा. गुडघ्याची पट्टी २ मीटरहून लांब व ८ सेंटिमीटरहून रुंद नको. कंबरेचा पट्टा १० सेंटिमीटर रुंद व १३ मिलिमीटर जाड, त्याहून अधिक नाही. परंतु १९८० नंतर उत्तेजक औषधांच्या तपासणीवरून या खेळात फूट पडली, निरनिराळ्या संस्था निघाल्या, आणि काहींनी दोन व अधिक पदरांचे कापडही चालेल असे ठरविले. मग जागतिक विक्रमही संस्थांइतके झाले. सामान्य प्रेक्षकाला त्यांतला कोणता खरा मानावा हे कळेनासे झाले, आणि तो दूर गेला.

उलटी लाट आली ती खालून. साध्या अंगाने उचलणाऱ्यांना तिकडे ‘रॉ’ म्हणतात. आपण ‘कच्चे’ म्हणू, पण त्यात कमीपणा नाही. २००८ साली अमेरिकेत महासंघाच्या शाखेने अशा खेळाडूंची निराळी राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. २०१२ साली स्टॉकहोमला महासंघाने ‘क्लासिक’ नावाने विश्वचषक घेतला, आणि २०१३ साली रशियातील सुझदाल येथे पहिली क्लासिक जागतिक स्पर्धा झाली. आज बहुसंख्य खेळाडू याच बाजूला आहेत. नव्याने येणाऱ्या मुलामुलींना महाग पोशाख व तो चढवावयास मदतनीस कोठून मिळणार, हेही त्याचे एक साधे कारण आहे. पॅरालिंपिकमध्ये तर केवळ बेंच प्रेसच असते आणि तेथे असा सदरा चालत नाही. पंजाबच्या राजिंदरसिंग राहेलू यांनी २००४ साली अथेन्समध्ये त्याच खेळात भारतासाठी कांस्यपदक मिळविले. हजार पौंडांचा गवगवा त्याच वर्षीचा.

डेडलिफ्टविषयी मात्र हा वाद कधी फार पेटला नाही, कारण पोशाखाची मदत तेथे सर्वांत थोडी. दांडी जमिनीवर निर्जीव पडलेली असते, आधी खाली येऊन कापड ताणावयास संधीच नाही. अमेरिकेच्या लमार गँटने १९८५ साली ६० किलो वजनाच्या गटात ३०० किलो उचलले. स्वतःच्या शरीराच्या पाचपट उचलणारा तो पहिला माणूस. त्याचा पाठीचा कणा वाकडा होता.

आणि ‘कच्चा’ खेळही पुरता उघड्या अंगाचा नाही. पट्टा तेथे चालतो, आणि गुडघ्यावर ७ मिलिमीटर जाडीची, ३० सेंटिमीटर लांबीची रबरी गुडघेबंदी चालते. हळूहळू खेळाडू ही गुडघेबंदी आपल्या मापापेक्षा बरीच लहान घेऊ लागले. ती इतकी आवळ होऊ लागली की चढवावयास पुन्हा दोन मदतनीस लागू लागले. तेव्हा महासंघाने अलीकडे नियमात भर घातली: गुडघेबंदी खेळाडूने दुसऱ्याच्या मदतीवाचून, स्वतःच्या हातांनी चढविली पाहिजे.