वंगणाचा पापुद्रा

बुऱ्हाणपूरहून खानदेशात उतरणाऱ्या वाटेवरील इच्छापूर हे सीमेलगतचे गाव इच्छादेवीच्या टेकडीमुळे प्रसिद्ध असून, इंदूरहून येणारा महामार्गही त्याच्याच नावाने ओळखला जातो. या मुलखातील मालवाहतूक पूर्वी बैलगाडीवर चाले, आणि आखाभोवती फिरणारा चाकाचा तुंबा कुरकुरू नये म्हणून तेलात भिजवलेल्या चिंध्यांचे नळकांडे गाडीखाली टांगलेले असे. या वंगणासाठी एरंडेलाला मोठा मान होता. 1860 च्या दशकात भुसावळ-खंडवा लोहमार्ग झाला तरी एरंडेलाचा हा मान ओसरला नाही, कारण एकोणिसाव्या शतकात भारतीय रेल्वेही एरंडेल वापरीत असे.

दाट तेल दोन धातूंना वेगळे ठेवते, हे उघडच आहे. परंतु भाराखाली ते पिळून निघून गेल्यावरही घर्षण कमी का राहते, हा खरा प्रश्न होता. विल्यम हार्डी आणि आयडा डबलडे यांनी 1922 मध्ये या अवस्थेला सीमावर्ती वंगण असे नाव दिले. मेदाम्लाच्या रेणूचे आम्लाचे टोक धातूला चिकटते व हायड्रोकार्बनची शेपटी बाहेर राहते, आणि असा एकच थर सुमारे अडीच नॅनोमीटर जाडीचा असतो. एरंडेलात रिसिनोलिक आम्ल हे मेदाम्ल विपुल असते, हे येथे ध्यानात घ्यावे.

असा थर डोळ्यांना दिसत नाही, आणि तराजूलाही सहसा जाणवत नाही. स्वीडनमधील उप्साला येथे काई सीगबान यांनी 1950 च्या दशकापासून विकसित केलेल्या इलेक्ट्रॉन वर्णपटशास्त्राने तो वाचता आला; हे तंत्र विकसित केल्याबद्दल सीगबान यांना 1981 चे नोबेल पारितोषिक मिळाले. या पद्धतीत ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण पृष्ठभागावर सोडून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजतात आणि त्यावरून ते अणूला किती घट्ट बांधलेले होते हे ठरवतात. शेपटीतील कार्बन सुमारे 285 इलेक्ट्रॉन-व्होल्टला दिसतो, तर आम्लाच्या टोकाचा कार्बन 289 च्या आसपास. इलेक्ट्रॉन काही नॅनोमीटरांपलीकडून ऊर्जा न गमावता बाहेर येऊ शकत नाहीत; त्यामुळे खालच्या लोखंडाचा संकेत जितका मंदावतो, त्यावरून थराची जाडी काढता येते. साधनाची ही मर्यादाच त्याचे बळ ठरली.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत 1990 च्या दशकात मुरली सास्त्री व सहकाऱ्यांनी मेदाम्लांच्या एकावर एक रचलेल्या थरांवर हे तंत्र वापरले. त्यांचा हेतू वंगणाचा नव्हता, पण रेणू त्याच कुळातले होते. मात्र हे मापन निर्वात पात्रात होत असल्याने मोकळे तेल आधी धुऊन काढावे लागते आणि धातूला धरून राहिलेला थरच तपासला जातो; गाडीवानाच्या नळकांड्यातले धूळ व काजळी मिसळलेले वंगण त्या पात्रात जसेच्या तसे ठेवण्याजोगे नव्हतेच.