पांडुरंग खानखोजे : बंदुकीकडून बियाण्याकडे

वाचकहो, पावसाळ्यात फुलंब्रीहून सिल्लोडच्या वाटेला लागले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना मक्याची हिरवीगार शेते दिसतात. आज हे पीक आपल्याला अगदी घरचे वाटते. पण मका मूळचा आपला नव्हे. तो हजारो कोसांवरच्या मेक्सिको देशातून जगभर पसरला. त्याच मेक्सिकोत एका मराठी माणसाने मक्याच्या संशोधनात नाव मिळविले, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या माणसाचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. त्यांच्या आयुष्याची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

खानखोजे वर्ध्याचे. प्राथमिक शिक्षण वर्ध्यास आणि पुढील शिक्षण नागपुरास झाले. तो काळ लोकमान्य टिळकांचा होता. इंग्रजी सत्ता शस्त्राने उलथून टाकावी या विचाराने तरुण मने पेटली होती. खानखोजे त्यांपैकीच एक. घरी बसून हे साधणार नाही, लष्करी शिक्षण घेतले पाहिजे, या जिद्दीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच त्यांनी देश सोडला. ते आधी जपानला गेले आणि तेथून अमेरिकेला. खिशात पैसा नव्हता आणि ओळखीचे कोणी नव्हते. पडेल ते काम करून त्यांनी पोट भरले आणि शिक्षणही घेतले. कॅलिफोर्नियातील टॅमलपाइस लष्करी शाळेत ते कवायत व शस्त्रविद्या शिकले आणि ओरेगॉन व वॉशिंग्टन या राज्यांत शेतीशास्त्र शिकले. एकाच उमेदीने त्यांनी बंदूक व नांगर ही दोन्ही हत्यारे हाती धरली, हे विशेष होय.

१९१३ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील हिंदी मजूर व विद्यार्थी यांनी गदर पक्ष उभा केला. खानखोजे त्याच्या संस्थापकांपैकी एक. या पक्षाच्या 'गदर' पत्राचा पहिला अंक १ नोव्हेंबर १९१३ रोजी सान फ्रान्सिस्कोहून निघाला, तो उर्दू भाषेत. आपल्या वाचकांनी हे जरूर ध्यानात ठेवावे. या चळवळीत पंजाबचे कर्तारसिंग सराभा होते, भोपाळचे मौलवी बरकतुल्ला होते आणि पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळेही होते. कोणी कोणाचा धर्म पुसला नाही. पिंगळे व सराभा १९१५ साली लाहोरच्या तुरुंगात एकाच दिवशी फासावर गेले. मौलवी बरकतुल्ला त्याच वर्षी काबूलमध्ये स्थापन झालेल्या हंगामी हिंद सरकारचे पंतप्रधान झाले आणि १९२७ साली परमुलखातच वारले. त्यांची कबर आजही कॅलिफोर्नियात आहे.

पहिले महायुद्ध पेटले तेव्हा खानखोजे तुर्कस्तानमार्गे इराणात उतरले. तेथून बलुचिस्तानच्या सरहद्दीपर्यंत धडक मारून हिंदुस्थानात शिरावे, असा बेत होता. त्यांचे बंगाली सहकारी प्रमथनाथ दत्त 'दाऊद अली' या नावाने वावरत होते. इराणच्या वाळवंटात लढताना खानखोजे जखमी झाले, इंग्रजांच्या हाती सापडले आणि निसटलेही. पुढे कश्काई टोळ्यांबरोबर राहून त्यांनी १९१९ पर्यंत झुंज दिली. बेत मात्र फसला. मायदेशी परतण्याची वाट इंग्रज सरकारने बंद केली. बर्लिन झाले, १९२१ साली मॉस्को झाले, पण देशाचा दरवाजा उघडला नाही.

अशा वेळी एखादा माणूस कडवट होऊन बसला असता. खानखोजे अमेरिकेतील जुन्या मेक्सिकन मित्रांच्या ओळखीने १९२४ साली मेक्सिकोला गेले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. त्या देशातही नुकतीच क्रांती होऊन गेली होती व जमिनीचा प्रश्न ऐरणीवर होता. खानखोजे वर्गात शिकवून थांबले नाहीत. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी गावोगाव मोफत कृषिशाळा चालविल्या. त्यांतील एका शाळेला शेतकऱ्यांचा पुढारी एमिलियानो झापाटा याचे नाव दिले होते. मक्याचा रानटी भाईबंद तेओसिंते याच्याशी मक्याचा संकर करून अधिक कणसे देणारी ताटे मिळविण्याचे प्रयोग त्यांनी केले. गव्हावरही काम केले. दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने मेक्सिको शहरातील शिक्षण खात्याच्या भिंतीवर चित्र रंगविले. त्यात पंगतीच्या मध्यभागी बसून भाकरी वाटणाऱ्या माणसाला खानखोजे यांचा चेहरा दिला, असे सांगतात. १९३६ साली त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी विवाह केला आणि तेथेच संसार थाटला.

वाचकहो, आता या कथेतील बोचणारा भाग. देश स्वतंत्र झाला. १९४९ साली मध्य प्रदेश सरकारच्या निमंत्रणावरून खानखोजे शेतीविषयक सल्ल्यासाठी आले. काही महिन्यांनी परत गेले. १९५१ साली पुन्हा आले, पण बस्तान बसले नाही म्हणून पुन्हा मेक्सिकोला गेले. ज्या भूमीसाठी उभे आयुष्य वेचले, तेथे परतल्यावर त्यांना पाय रोवता येईना! अखेर १९५५ साली ते नागपुरास स्थायिक झाले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तेथेच वारले. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १९६६ साली, अन्नटंचाईने गांजलेल्या भारताने १८ हजार टन गव्हाचे बियाणे परदेशातून आणले होते. ते कोठून आणले? मेक्सिकोतूनच! ते वाण डॉ. नॉर्मन बोरलॉग व त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेले. त्याचे श्रेय खानखोजे यांना देणे बरोबर होणार नाही. परंतु मेक्सिकोच्या शेतीत तीस वर्षे मुरलेला आपला माणूस नागपुरात असताना आपण त्याच्या ज्ञानाचा पुरेसा उपयोग केला काय, हा प्रश्न उरतोच. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला, त्याचे अनावरण आपल्या लोकसभेच्या अध्यक्षांनी केले. उशिरा का होईना, ऋण मान्य झाले.

आपल्या तालुक्यातील मुलेही आज शिक्षणासाठी व रोजगारासाठी पुण्या-मुंबईला आणि आखातात जातात. गाव सोडले म्हणजे मुलगा हातचा गेला, असे आपण हळहळून म्हणतो. खानखोजे यांचे चरित्र निराळे सांगते. जो माणूस हुन्नर घेऊन जातो आणि जेथे जाईल तेथील गरिबाच्या उपयोगी पडतो, तो मुलखाला पारखा होत नाही. पण तो परत येईल तेव्हा त्याला बसायला जागा देणे, त्याचे ज्ञान विचारून घेणे, हे काम मागे राहिलेल्यांचे आहे. वीणा गवाणकर यांनी खानखोजे यांचे चरित्र मराठीत लिहिले आहे. विद्यार्थी मित्रांनो, ते जरूर वाचा. आणि शिक्षक बंधूंनी ते आपल्या शाळेच्या ग्रंथालयात ठेवावे, ही विनंती.