डिस्कवरची दोषांची यादी

१९८० मध्ये सीगेटची एसटी-५०६ ही हार्ड डिस्क आली. क्षमता अवघी ५ मेगाबाइट! त्या पिढीतील अनेक डिस्कच्या आवरणावर एक कागद चिकटवलेला असे. कारखान्यातील चाचणीत सापडलेल्या सदोष जागांचे सिलिंडर व हेड क्रमांक त्यावर नोंदलेले असत आणि प्राथमिक फॉरमॅट करताना ते आकडे हाताने भरावे लागत. एखादा राहून गेला, तर त्या जागी लिहिलेला मजकूर गमावण्याची भीती. डॉसची फॉरमॅट आज्ञाही वाचता न येणाऱ्या जागा शोधून फॅट तक्त्यात त्यांवर खूण करी.

पुढे नियंत्रक डिस्कवरच बसला. सदोष सेक्टरच्या जागी राखीव सेक्टर तो परस्पर योजू लागला. सोय झाली खरी. पण यादी मालकाच्या नजरेआड गेली. स्मार्ट नोंदीत बदललेल्या सेक्टरांचा आकडा तेवढा उरला, आणि तो वाढत असला तरी मुद्दाम पाहिल्याशिवाय बहुधा कळत नाही.