फ्रीराइस
इंग्रजी शब्दसंग्रह वाढवणारा, संगणकावर सुरू झालेला आणि पुढे मोबाइलवर आलेला खेळ. अमेरिकन प्रोग्रॅमर जॉन ब्रीन यांनी तो 2007 मध्ये सुरू केला. 2009 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे सोपवला. पडद्यावर एक शब्द येतो, चार पर्यायांतून त्याचा अर्थ निवडायचा. उत्तर बरोबर आले की तांदळाचे काही दाणे दान होतात. पैसे जाहिरातदार, प्रायोजक देतात. सलग बरोबर उत्तरांनंतर शब्द अवघड होतात, चुकल्यास सोपे. त्यामुळे कच्चा विद्यार्थीही खेळ सोडत नाही. गुणांऐवजी कुणाच्या तरी ताटातला भात हे बक्षीस, ही या खेळाची खरी ताकद. मात्र शब्द वाक्याविना सुटा भेटतो. अर्थ ओळखता येतो, वापर शिकायचा राहतो. तिथे शिक्षकच लागतो.