भीमगड अभयारण्याची वाटचाल

डिसेंबर 2011 मध्ये भीमगडला अभयारण्याचा दर्जा मिळाला. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातले सुमारे 190 चौरस किलोमीटरचे हे रान. पलीकडे गोवा, खाली दांडेलीचे जंगल, पोटात शिवकाळाशी नाते सांगणारा किल्ला आणि देगावजवळ उगम पावणारी म्हादई. गवळी, कोंगळा, पास्टोली, कृष्णापूर, आमगाव, तळेवाडी ही मराठी बोलणारी गावे अभयारण्याच्या आधीपासून तिथे नांदत होती. म्हणून भीमगडच्या वाटचालीचा हिशेब मांडताना वाघ-अस्वलांबरोबर हेही विचारावे लागते, की या गावांना काय सांगितले गेले आणि त्यांचे किती ऐकले गेले.

जगाला या रानाची ओळख झाली ती एका वटवाघळामुळे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतल्या या वटवाघळाचे शास्त्रीय वर्णन प्राणिशास्त्रज्ञ ऑल्डफील्ड थॉमस यांनी 1913 मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याला वनाधिकारी रॉटन यांचे नाव मिळाले. कपाळावर जुळलेले मोठाले कान, गर्द तपकिरी अंग, मानेवर फिकट पट्टा, पडद्याबाहेर सुटलेली शेपटी. पुढची जवळजवळ नव्वद वर्षे त्याचा दुसरा ठावठिकाणा कुणाला माहीत नव्हता. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडले. वर्दळीने अशी वटवाघळे बिथरतात, तेव्हा गुहांवर निर्बंध हवेतच. पण ते का हवेत, हे जवळच्या जांबोटीच्या शाळकरी पोराला आपल्या शब्दांत सांगता आले, तरच अभयारण्याने काही शिकवले म्हणायचे.

गावांशी संवाद ही काही मेहेरबानी नव्हे. 1972 च्या वन्यजीव कायद्याचे 21 वे कलम सांगते, की अभयारण्याचा इरादा जाहीर झाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांनी 60 दिवसांत हद्दीची जाहीर सूचना आसपासच्या प्रत्येक गावात स्थानिक भाषेत प्रसिद्ध करावी आणि हक्क सांगणाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत द्यावी. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या संरक्षणांतही, ज्या भागात त्यांची वस्ती 15 टक्के किंवा अधिक आहे तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असे ठरलेले आहे. देशातल्या उद्यानांचे आणि अभयारण्यांचे सरकारी मूल्यमापन 2006 पासून होते. त्यात माहिती लोकांसाठी खुली आहे का आणि स्थानिकांचा सहभाग किती, हे प्रश्न असतात. कागदावरचे हे गुण गावच्या पारावर तपासले जावेत, एवढेच माझे म्हणणे.

बेळगाव शहरालाही खात्रीच्या माहितीची गरज कळली आहे. 5 ऑगस्ट 2022 रोजी जाधवनगरात बिबट्याने एका बांधकाम मजुरावर हल्ला केला. नंतर तो गोल्फ मैदानाच्या झाडीत दिसला, आसपासच्या 22 शाळा बंद ठेवाव्या लागल्या, सक्रेबैलच्या हत्ती शिबिरातून हत्ती आणले. बिबट्या हाती लागला नाही. त्या दिवसांत घराघरांत एकच प्रश्न होता: आज तो कुठे दिसला आणि पोरांना बाहेर सोडायचे का? अशा वेळी वनखात्याचा निरोप उशिरा आला, की अफवेला पाय फुटतात.

याच जिल्ह्यातल्या निपाणीकराला भीमगडपेक्षा राधानगरी जवळ. 1958 पासूनचे ते अभयारण्य महाराष्ट्रातले पहिले, पूर्वी शाहू महाराजांचे शिकारीचे रान. तिथे सरकार आणि गाव एकाच भाषेत बोलतात. भीमगडमध्ये ही सोय नाही; तिथे सरकार कन्नडमध्ये बोलते.

जुलै 2024 मध्ये आमगावच्या एका आजारी महिलेला भर पावसात गावकऱ्यांनी खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणले. जंगलातल्या गावांचे हाल तेव्हा राज्यभर पोचले. डिसेंबरमध्ये वनमंत्री ईश्वर खंड्रे यांनी स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला 15 लाख रुपये देण्याचे जाहीर केले आणि 2025 मध्ये तळेवाडीच्या कुटुंबांना 10 लाखांचे पहिले धनादेश मिळाले. स्वेच्छा या अटीला अर्थ येतो तो पुरी माहिती असेल तेव्हाच. लग्न झालेल्या मुलाला वेगळे कुटुंब धरणार का? उरलेले 5 लाख केव्हा? मागे राहिलेल्या शेताचे आणि देवस्थानाचे काय? 2006 च्या वनहक्क कायद्याखालचा दावा आधी निकाली काढणार का? सही करण्यापूर्वी या प्रश्नांची लेखी उत्तरे माणसाच्या हाती हवीत.

पुढच्या मूल्यमापनाला येणाऱ्या समितीने विश्रामगृहातल्या बैठकीवर न थांबता गवळी-कोंगळ्यापर्यंत जावे आणि लोकांना मराठीत विचारावे. आणि वनखात्याने त्याआधी पुनर्वसनाची प्रत्येक अट कन्नडबरोबर मराठीतही छापून घरोघर पोचवावी.