वरसईचा प्रवासी आणि त्याचे संपादक

ग्रंथ एकानें लिहावा आणि त्याला आकार दुसऱ्यानें द्यावा, हा प्रकार चरित्र, प्रवासवृत्त, आठवणी, इतिहास अशा वाङ्मयांत नेहमींचा आहे. परंतु त्या दुसऱ्याचें नांव वाचकाच्या कानीं क्वचितच पडतें. असल्या ग्रंथांच्या लेखकापाशीं सांगण्यासारखें पुष्कळ असतें. आरंभ कोठून करावा, कोणता प्रसंग विस्तारानें सांगावा, कोणता गाळावा, हें मात्र त्यास पुष्कळदां उमगत नाहीं. ज्याला तें उमगतें आणि जो लेखकाशीं बोलून, त्याला प्रश्न विचारून हस्तलिखिताचा घाट ठरवितो, तोच खऱ्या अर्थानें संपादक. शुद्धलेखन सुधारणें व मुद्रितें तपासणें हीं मागून येणारीं कामें होत. या विद्येचें रीतसर शिक्षण देतां येईल काय, आणि येत असल्यास त्याचा आरंभ कशानें करावा, हा प्रश्न आम्ही येथें एका जुन्या उदाहरणावरून पाहणार आहों. तें उदाहरण कुलाबा जिल्ह्यांतील, म्हणजे १९८१ पासून ज्यास रायगड जिल्हा म्हणतात त्या मुलखांतील आहे.

पेण तालुक्यांतील वरसई गांवचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक. घरीं कर्जाची विवंचना, म्हणून १८५७ सालीं ते आपल्या चुलत्यासह उत्तर हिंदुस्थानांत निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार अशी वार्ता होती व तेथें भरपूर दक्षिणा मिळेल अशी आशा होती. दक्षिणेच्या वाटेवर त्यांस गांठलें तें बंडानें. १८५८ च्या मार्च-एप्रिलांत सर ह्यू रोझच्या फौजेनें झांशीस घातलेला वेढा आणि मागाहून झालेली लूट व कत्तल त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली. मिळविलेलें द्रव्य लुटारूंच्या हातीं गेलें, आणि अखेर गंगेची कावड घेऊन ते घरीं परतले. या गोष्टीस पाव शतक लोटलें तरी ही हकीकत कागदावर उतरली नव्हती.

ती उतरण्यास कारण झाले चिंतामणराव वैद्य (१८६१-१९३८). पुढें हे ग्वाल्हेर संस्थानांत न्यायाधीश झाले, आणि महाभारताचे व मध्ययुगीन इतिहासाचे अभ्यासक म्हणून त्यांचें नांव गाजलें. त्यांच्या आग्रहावरून गोडशांनीं आपला प्रवास लिहून काढला. संपादकाचें पहिलें काम येथें दिसतें. जो स्वतःस लेखक समजत नाहीं, त्याला लिहावयास बसविणें हें तें काम. आपलें भटकणें हा ग्रंथाचा विषय आहे, असें त्या भिक्षुकास वाटण्याचें कांहीं कारण नव्हतें. बखरकार दरबाराकडे तोंड करून लिहितो. या माणसानें वेढा पाहिला तो शहराच्या गल्लींतून, जीव मुठींत धरून. त्या पाहण्याचें मोल वैद्यांनीं ओळखलें.

‘माझा प्रवास’ हें पुस्तक १९०७ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां गोडसे हयात नव्हते. वैद्यांनीं हस्तलिखित जसेंच्या तसें छापलें नाहीं. त्यांनीं भाषेवरून हात फिरविला व कांहीं मजकूर गाळला. काळ लक्षांत घेतां यांत नवल वाटण्यासारखें थोडें आहे. पुढच्याच वर्षीं टिळकांस राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षांची शिक्षा झाली; अशा दिवसांत बंडाची आंखोंदेखी हकीकत छापणें म्हणजे विस्तवाशीं खेळणें होतें. कारण कांहींही असो, परिणाम असा झाला कीं, जवळजवळ साठ वर्षें सामान्य वाचकानें गोडशांचें बोलणें वैद्यांच्या तोंडून ऐकलें; आणि एकाचें कोठें संपतें व दुसऱ्याचें कोठें सुरू होतें, हें कळण्यास त्याला मार्ग नव्हता.

योगायोग असा कीं, याच्या उलट मताचा कट्टा पुरस्कर्ता याच वरसईचा. इतिहासाचार्य राजवाडे यांचा जन्म येथलाच. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ प्रसिद्ध करतांना त्यांचा कटाक्ष असा कीं, जुना कागद असेल तसा छापावा आणि संपादकास काय म्हणावयाचें तें त्यानें प्रस्तावनेंत म्हणावें. त्यांच्या पुढाकारानें १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें. गोडशांचें मूळ हस्तलिखित वैद्यांनीं याच मंडळाच्या स्वाधीन केलें, आणि त्यावरून दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ सालीं मूळ पाठ लोकांपुढें आणला. पोतदारही कुलाब्याचेच, त्यांचा जन्म महाड तालुक्यांतील बिरवाडीचा.

आतां यांत बरोबर कोण, असें विचारण्याचा मोह होतो. आमच्या मतें प्रश्न तसा नाहीं. केवळ राजवाड्यांचा नियम पाळून गोडशांचा ग्रंथ जन्मासच आला नसता, कारण छापावयास कागदच नव्हता. तो कोणीतरी मागून घ्यावा लागला. उलट वैद्यांनीं सुधारलेली प्रत छापून मूळ बाड रद्दींत टाकलें असतें, तर आज आपण दुरुस्त केलेल्या साक्षीवर निकाल देत बसलों असतों. वैद्यांचें खरें संपादकत्व आम्हांस त्यांच्या दुरुस्त्यांपेक्षां त्यांनीं बाड जपलें यांत अधिक दिसतें. फेरफार करण्याचा अधिकार ज्यास हवा, त्यानें फेरफार उघडा पडेल अशी सोय आपल्याच हातानें करून ठेविली पाहिजे.

ही गोष्ट व्याख्यानांनीं शिकवितां येत नाहीं. आमच्याकडे ती आजवर शिकली गेली ती कार्यालयांत. डॉ. केतकरांचें ज्ञानकोशमंडळ ही अशीच एक शाळा होती. तेथें काम केलेले यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनीं पुढें १९३२ ते १९३८ या काळांत ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सात विभागांत पुरा केला. माहिती निवडणें, तिची मांडणी करणें, दुसऱ्याचा लेख कापतांना त्याचा अर्थ न कापणें, हें सारें अशा ठिकाणीं टेबलाशेजारीं टेबल मांडून अंगवळणी पडतें. पण अशीं कार्यालयें बंद पडतात, आणि त्यांबरोबर ती विद्याही विखुरते. म्हणून तिला अभ्यासक्रमाची जोड हवी.

त्या अभ्यासक्रमाचा पहिला पाठ म्हणून आम्ही १९०७ ची व १९६६ ची प्रत समोरासमोर ठेवूं. विद्यार्थ्यानें प्रत्येक फरक टिपावा. तो भीतीमुळें झाला, शिष्टाचारामुळें झाला, कीं वाचकाच्या सोयीसाठीं झाला, हें कारणासह लिहावें. आणि यांपैकीं कोणता फरक आपण लेखकाच्या तोंडावर समर्थूं शकूं, हें सांगावें. दुसरा पाठ जिवंत माणसापाशीं जाऊन घ्यावयाचा. १९३० चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह, किंवा १९३३ पासून सहा वर्षें चाललेला चरीच्या शेतकऱ्यांचा संप, यांच्या आठवणी ज्या घरांत आजोबांपासून ऐकल्या जातात तीं घरें या किनाऱ्यावर अजून आहेत. १९८९ सालीं न्हावाशेवा बंदर सुरू झालें, त्यापूर्वींचीं उरणचीं मिठागरें व भातखाचरें आठवणारीं माणसेंही आहेत. यांपैकीं बहुतेकांनीं आपणास लेखक कधीं म्हटलेलें नाहीं. त्यांच्याकडे वही घेऊन जावें, योग्य प्रश्न विचारावा, मग बराच वेळ गप्प बसावें. आणि पुढें छापील पुस्तक कितीही नेटकें निघालें, तरी पहिली वही सार्वजनिक संग्रहांत नेऊन ठेवावी.

गोडसे भटजींना संपादक भेटला, तो पंचवीस वर्षांनीं. इतका वेळ सर्वांस मिळतोच असें नाहीं.